आजोबा आज अगदी शांत आहेत

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ न्यूमोनियासाठी रुग्णालयात दाखल होतात. आठवड्याभरात ताप उतरतो, छातीचा एक्स-रे सुधारतो, डॉक्टर डिस्चार्ज लिहून देतात. तरीही घरी जाताना त्यांना दोघांनी धरून रिक्षात बसवावं लागतं. येताना ते मुलाचा हात धरून का होईना, आपल्या पायांनी आले होते. मधल्या आठवड्यात असं काय झालं, हे विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "वय झालं आता." हे उत्तर मला मान्य नाही. त्या आठवड्यात जे बिघडलं त्यातलं बरंचसं वयाने बिघडलेलं नसतं, ते अंथरुणाने बिघडवलेलं असतं. ते टाळता येतं, आणि कसं टाळायचं हे शिकवता येतं. हे प्रकरण त्या शिकवण्याबद्दल आहे.

अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी, चालत्याफिरत्या ज्येष्ठांना १० दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं चरबी वगळून मोजलेलं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, सुमारे १ किलोने घटलं. मग ज्याला ताप आहे, ज्याचं खाणं सुटलं आहे, ज्याच्या एका हाताला सलाईन आणि खाली लघवीची नळी आहे, त्याच्या मांड्यांचं काय होत असेल? तरुण माणूस हे महिन्याभरात भरून काढतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या पायांत मुळात संडासापर्यंत जाऊन येण्याइतकीच शिल्लक असते. ती खर्च झाली की तो कायमचा दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा अशा रुग्णापाशी काही मिनिटं थांबतात. उरलेले तास पाळीवरच्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय आणि नातेवाईक यांचे. रुग्ण काल खुर्चीत बसला होता आणि आज उठायला तयार नाही, दुपारचं ताट तसंच परत गेलं, माकडहाडापाशी कातडी लाल दिसते आहे, हे सगळं आधी दिसतं ते नर्सला. पण दिसणं आणि ओळखणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर प्रशिक्षणानेच भरून निघतं. आपल्याकडच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मुलांची शुश्रूषा हा स्वतंत्र विषय आहे, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे आपण कधीच मान्य केलं. वृद्धांची शुश्रूषा मात्र मेडिकल-सर्जिकल नर्सिंगच्या भल्यामोठ्या विषयातलं एक प्रकरण म्हणून येते. परीक्षेला एखादा प्रश्न, बस. प्रत्यक्ष वॉर्डात पाहावं तर अर्ध्या खाटांवर साठीच्या पुढचीच माणसं.

म्हातारपणी आजाराचा चेहराच बदलतो, हा पहिला धडा. हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं वाटतं किंवा मळमळतं. लघवीत जंतुसंसर्ग होतो आणि ताप येत नाही, जळजळीची तक्रारही नसते. फक्त कालपर्यंत नीट बोलणारी बाई आज भलतंच बोलू लागते. तहान कमी झालेली असते, त्यामुळे पाणी पुढ्यात असूनही प्यायलं जात नाही. शिवाय अनेक आजी मुद्दामच पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागेल. मूत्रपिंडं मंदावलेली असल्याने चाळिशीच्या माणसाला झेपणारा औषधाचा डोस इथे दोन दिवस अंगात रेंगाळतो. अशा रुग्णाकडे पाहताना पुस्तकातल्या लक्षणांची यादी अपुरी पडते. खरा प्रश्न असा : या माणसाचं नेहमीचं काय, आणि आज वेगळं काय? त्याचं उत्तर केसपेपरवर नसतं, ते सुनेकडे किंवा बायकोकडे असतं. "घरी कसे असतात? स्वतः आंघोळ करतात का? पेपर वाचतात का?" हे तीन प्रश्न दाखल होतानाच विचारायची सवय लावणं हा प्रशिक्षणाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचा गोरगरिबांसाठीचा दवाखाना सोपवला गेला. ७१४ रुग्ण, त्यातले बहुतेक वृद्ध, अनेक जण वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले. त्यांची जबाबदारी मार्जोरी वॉरन या डॉक्टर बाईंवर आली. त्यांनी एकेकाला तपासलं, कुणाला काय आजार आहे त्याप्रमाणे वेगवेगळं केलं, आणि जमेल त्याला खाटेवरून खाली उतरवलं. हे असाध्य आहेत म्हणून ज्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्यांतले कितीतरी जण चालू लागले, काही घरी गेले. वृद्धांचं वैद्यक ही वेगळी शाखा असली पाहिजे आणि तिचं शिक्षण रुग्णालयात, रुग्णांच्या खाटेपाशी मिळालं पाहिजे, हे त्यांनी चाळीसच्या दशकात लिहून मांडलं.

पण नर्सिंगच्या बाजूने पाहिलं तर माझ्या मते त्याहून मोठी कामगिरी डोरीन नॉर्टन या परिचारिकेची. रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला की हाडाच्या टोकांवरची कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. आपण तिला बेडसोर म्हणतो. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू, खांद्याची पाती ही तिच्या आवडीची ठिकाणं. पन्नासच्या दशकात इंग्लंडमधल्या प्रत्येक वॉर्डाचा यावर आपापला उपाय होता : कुठे साबणपाण्याने चोळायचं, कुठे स्पिरिट लावायचं, कुठे आणखी काही मलम. प्रत्येक सिस्टर आपल्या गुरू-सिस्टरने शिकवलं तसं करत होती. नॉर्टन यांनी रोडा मॅक्लारेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्यासह हे सगळं नीट तपासलं आणि १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कातडीला काय लावता याने विशेष फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो रुग्णाची कूस ठरल्या वेळी, न चुकता बदलण्याने. त्यांनी एक साधा तक्ताही दिला : शरीराची स्थिती, मनाची स्थिती, हिंडणंफिरणं, अंथरुणात हालचाल करण्याची ताकद, आणि लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकाला १ ते ४ गुण, एकूण २०. बेरीज १४ किंवा त्याखाली आली की धोका. जखम होण्याआधीच ती कुणाला होणार हे नर्सला सांगता येऊ लागलं. पुढे १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी आणखी बारकाईचा तक्ता केला. तो आज आपल्याकडच्या अनेक मोठ्या रुग्णालयांत वापरला जातो.

नॉर्टन यांच्या निष्कर्षाला साठ वर्षं उलटून गेली तरी आपल्या वॉर्डांतून स्पिरिट आणि पावडर अजून गेलेली नाही. रोज सकाळी पाठ चोळून पावडर लावली की काळजी घेतली असं वाटतं, नातेवाईकांनाही बरं वाटतं. पण लाल झालेल्या जागेवर जोरात चोळणं हे आतल्या नाजूक पेशींना आणखी दुखावणारं आहे, आणि स्पिरिटने म्हाताऱ्या माणसाची आधीच कोरडी कातडी अधिक कोरडी पडते. प्रशिक्षणात हे सांगून भागत नाही, करून दाखवावं लागतं. लाल जागेवर बोट दाबायचं आणि उचलायचं. जागा क्षणभर पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे, आत्ताच दाब हटवा. पांढरी झालीच नाही तर इजा सुरू झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने गरमपणा बघायचा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा टणक किंवा पिलपिलीत लागते का ते बघायचं. ही बारीक गोष्ट परदेशी चित्रं छापलेल्या पुस्तकांतून शिकलेल्या मुलींच्या हातून हमखास सुटते. रुग्णाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, चादरीसकट दोघींनी उचलायचं. टाचा उशीवर ठेवायच्या नाहीत. उशी पोटरीखाली घ्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते.

आता या प्रकरणाला ज्यांचं नाव दिलं आहे त्या आजोबांकडे येतो.

माकडहाडाची जखम निदान दिसते. डिलिरियम दिसत नाही. आजारपणात, ऑपरेशननंतर किंवा औषधांमुळे मेंदूचं काम अचानक विस्कळीत होतं, त्याला डिलिरियम म्हणतात. रात्री उठून "मला घरी जायचंय" म्हणत सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. पण वृद्धांमध्ये याचं दुसरं रूपही फार आढळतं. आजोबा गप्प पडून असतात. हाक मारली की डोळे उघडतात, "हो" म्हणतात, पुन्हा मिटतात. काही मागत नाहीत, कुणाला त्रास देत नाहीत. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला सांगते, "अकरा नंबरचे आजोबा आज अगदी शांत आहेत." घाईच्या वॉर्डात ही चांगली बातमी वाटते. प्रत्यक्षात ती धोक्याची सूचना असू शकते : कुठेतरी जंतुसंसर्ग वाढतो आहे, सोडियम उतरलं आहे, लघवी तुंबली आहे, किंवा काल रात्री दिलेल्या झोपेच्या गोळीने मेंदूवर झापड आणली आहे.

येल विद्यापीठातल्या डॉ. शॅरन इनोये यांनी १९९० साली हे ओळखण्याची एक सुटसुटीत पद्धत दिली. चार गोष्टी पाहायच्या. बदल अचानक झाला आहे का आणि तो दिवसभरात कमीजास्त होतो का? लक्ष टिकतं का? बोलणं असंबद्ध आहे का? जागेपणाची पातळी बदलली आहे का, म्हणजे फार सुस्त किंवा फार उत्तेजित? पहिल्या दोन गोष्टी असल्या आणि उरलेल्या दोनांतली एक जरी असली तरी डिलिरियम समजायचा. लक्ष तपासायला साधनं लागत नाहीत. "आजोबा, शनिवारपासून उलटे वार सांगा बरं." डोकं ठिकाणावर असलेला निरक्षर माणूसही शनिवार, शुक्रवार, गुरुवार असा मागे जातो. डिलिरियम असलेला माणूस शनिवार म्हणतो, शुक्रवार म्हणतो, मग थांबतो, खिडकीकडे बघतो आणि पुन्हा शनिवार म्हणतो. किंवा प्रश्नच विसरतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते गोळ्या देताना करता येतं.

इतकं सोपं असूनही ते सुटतं. इनोये यांच्याच २००१ सालच्या अभ्यासात, ज्यांना खरोखर डिलिरियम झाला होता त्यांतल्या फक्त ३१ टक्के रुग्णांमध्ये तो नर्सच्या लक्षात आला होता. आणि सर्वाधिक सुटले ते गप्प पडलेले, ऐंशीच्या पुढचे, डोळे अधू असलेले आणि आधीपासून स्मृतिभ्रंश असलेले. यात नर्सची कळकळ कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना शांतपणा हे लक्षण म्हणून शिकवलंच गेलं नव्हतं.

उपाय औषधांत फारसा नाही. इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर वर्षं आणि त्यापुढच्या ८५२ रुग्णांवर केलेलं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्यांना शिकवलेल्या नर्सेस आणि स्वयंसेवक दिवसातून अनेकदा भेटत, आज कोणता वार, आपण कुठे आहात हे बोलत, चालवत, पाणी पाजत, चष्मा आणि कानाचं मशीन लावून देत. रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध, पाठीला हलका मसाज आणि संथ संगीत. वॉर्डातला आवाज कमी व्हावा म्हणून गोळ्या कुटण्याची साधनं बिनआवाजाची आणली होती. नेहमीच्या सेवेत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या सेवेत ९.९ टक्क्यांना. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट नर्सिंगच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची : एकदा डिलिरियम झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे जे काय करायचं ते आधी.

आपल्या वॉर्डात एक फेरी मारली तर यातलं काय सुटतं ते कळतं. चष्मा घरी राहिलेला. कवळी डबीत, डबी कपाटात. कानाचं मशीन "हरवेल म्हणून" मुलीच्या पर्समध्ये. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि चावता येत नाही, अशा माणसाला आपण ट्यूबलाइट चोवीस तास चालू असलेल्या खोलीत ठेवतो, आणि तिसऱ्या रात्री तो बरळू लागला की त्याचे हात गॉजने कॉटला बांधतो. बांधलेला माणूस अधिक झगडतो, मनगटं सोलवटून घेतो. उंच कठडे लावले तर कठड्यावरून उतरायला जातो आणि अधिक उंचीवरून पडतो. कॉट खाली करणं, संडासला ठरावीक वेळी स्वतःहून नेणं, लघवीची नळी गरज संपताच काढणं, रात्री घरचं एक ओळखीचं माणूस जवळ ठेवणं, याने जे साधतं ते बांधून साधत नाही. नळीच्या बाबतीत तर नर्सने रोज राऊंडला डॉक्टरांना विचारलं पाहिजे, "ही अजून लागणार आहे का?" ज्येष्ठ डॉक्टरांना हा प्रश्न विचारायचं धैर्य हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. झोपेच्या गोळ्या आणि जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीची औषधं यांबद्दलही तसंच. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली केली, ती वेळोवेळी सुधारली जाते, आणि ही औषधं त्यात ठळक आहेत.

दुखण्याचंही असंच. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायका "काही नाही, थोडं ठणकतंय" एवढंच म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तेही सांगता येत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांवरच्या २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्यांना मिळालेलं वेदनाशामक औषध इतरांच्या एक तृतीयांश होतं. मोडलेलं हाड तितकंच दुखत होतं. अशा वेळी चेहरा, श्वास, कण्हणं, मुठी आवळणं, समजावल्यावर शांत होतात की नाही, यांवरून दुखणं मोजायचं असतं. कूस बदलताना कपाळावर आठी पडली तर ती नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

हे सगळं नर्सपर्यंत पोचवायचं कसं? न्यूयॉर्क विद्यापीठातून १९९२ पासून 'नाइश' नावाचा उपक्रम चालतो. त्याची मूळ कल्पना मला फार पटते. वॉर्डातल्याच एका नर्सला वृद्धसेवेचं जास्तीचं शिक्षण द्यायचं आणि तिला बढती देऊन कार्यालयात न बसवता वॉर्डातच ठेवायचं, म्हणजे अडलं की बाकीच्या तिला विचारतात. टेरी फुल्मर यांनी बनवलेली एक छोटी यादी या नर्सच्या हाताशी असते : झोप, खाणं, लघवी-शौच, गोंधळ, पडणं, कातडी. रोज प्रत्येक वृद्ध रुग्णाबाबत या सहांवर नजर. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलची वृद्ध-शुश्रूषेची पदविका आहे, २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत १० खाटांचे खास वॉर्ड धरलेले आहेत. हे हवंच. पण २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे भारतीय १० कोटींहून अधिक होते; ते काही खास वॉर्डांत मावणारे नाहीत. ते हाडांच्या वॉर्डात असतात, डोळ्यांच्या असतात, मेडिसिनच्या असतात. म्हणून शिकवायचं तर प्रत्येक वॉर्डात.

शिकवण्याच्या पद्धतींत एक फार बोलकी आहे. चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन, कानांत कापूस, हातांत दोन-दोन मोजे, चपलेत मक्याचे दाणे, एका गुडघ्याला घट्ट पट्टी. अशा अवतारात तरुण नर्सला गोळ्यांच्या पाकिटातून एक गोळी काढायला आणि वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगतात. तोंडाला मास्क लावलेली मैत्रीण मागून भराभर सूचना देते. दहा मिनिटांत कळतं की आजी "ऐकत नाहीत" म्हणजे त्यांना ऐकू येत नाही. पण एका दिवसाच्या कार्यशाळेवर माझी भिस्त नाही. पाळी बदलताना दहा मिनिटं एकाच रुग्णावर बोलायचं, रोज, वर्षभर. कौशल्य तिथे तयार होतं.

आणि त्या दहा मिनिटांसाठी माणसं लागतात. नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांत, शस्त्रक्रिया झालेल्या पन्नाशीपुढच्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दर नर्समागे एक रुग्ण वाढला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती तेवढीच घटत होती. शिक्षण आणि संख्या दोन्ही मोजून दिसतात. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर टाकून तिला दर दोन तासांनी सगळ्यांची कूस बदलायला सांगणं हा अन्याय आहे, आणि प्रशिक्षणाचं कुठलंही प्रमाणपत्र तो झाकू शकत नाही.

आपल्या वॉर्डाचं एक बळ मात्र युरोपात नाही : खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेलं घरचं माणूस. भरवणं, पुसणं, फिरवणं, सगळं तेच करतं, आणि बहुतेकदा कुणीही न शिकवता. पेज भरवताना आजोबांना आडवं ठेवलं तर ती श्वासनळीत जाते, हे सुनेला कोण सांगणार? म्हणून नर्सला शिकवायचंही शिकवावं लागतं. पाठ टेकवून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गिळल्याशिवाय दुसरा घास नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. सांगून झाल्यावर "समजलं ना?" विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी "हो" असतं. "आता तुम्ही भरवून दाखवा" म्हणायचं, आणि उभं राहून बघायचं. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची पिशवी हातात देऊन हेच करायचं : सकाळची कुठली, रात्रीची कुठली, घरी पडून असलेल्या जुन्या पाकिटांतल्या कुठल्या आता बंद, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आणि ते दाखल होण्याआधी किती चालत होते, आज किती चालतात, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून द्यायचं, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला "वय झालं" म्हणण्याआधी ते वाचता येईल.